नदीकाठची कुरणे आणि चरणारी जनावरे

गुरे चरली की रान उजाड होते, असे आम्ही वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. दुष्काळी माळरानापुरते ते खरेही आहे. परंतु नदीकाठच्या गाळाच्या भूमीचा इतिहास पाहू जाता हे विधान अपुरे आहे, असे आमचे मत झाले आहे. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून शेंडा खुडला तरी ते पुन्हा फुटते. झाडाच्या रोपट्याचे तसे नाही, त्याचा कोंब शेंड्याला असतो. त्यामुळे चरणारे तोंड नाहीसे झाले की ओलसर भूमीवर झाडोरा माजतो, आणि मोकळ्या कुरणावर जगणारे पक्षी व फुलपाखरे निघून जातात.

नेदरलँड्समध्ये ऱ्हाइन नदीच्या वाल या मुख्य फाट्यावर, नायमेखन शहराजवळ, मिलिंगरवार्ड नावाचे पूरक्षेत्र आहे. तेथे पूर्वी शेती होती आणि विटांसाठी माती खणली जाई. १९८६ साली काही अभ्यासकांनी 'करकोचा योजना' मांडली. शेती बांधाच्या आत सुरक्षित भूमीवर करावी आणि बांध व नदी यांमधील पट्टा नदीला परत द्यावा, हा तिचा गाभा होता. पुढे या पट्ट्यात पोलंडमधील कोनिक जातीचे घोडे आणि स्कॉटलंडमधील गॅलोवे गुरे बारमाही मोकळी सोडण्यात आली. गोठा नाही, रोजची वैरण नाही.

ही जनावरे सर्वत्र सारखी चरत नाहीत, आणि सारे मर्म येथेच आहे. एका जागी गवत गालिच्यासारखे आखूड होते, दुसरीकडे कमरेइतके उंच राहते. काटेरी झुडपांना तोंड लावण्याचे ती टाळतात, म्हणून त्यांच्या आडोशाला ओकचे एखादे रोप तग धरते. घोडे लोळतात तेथे उघडी वाळू राहते आणि मातीत बीळ करणाऱ्या मधमाश्यांना घर मिळते. केसांतून आणि शेणातून बी दूरवर जाते. या प्रदेशात १९९४ पासून बीव्हर हा प्राणीही पुन्हा आणून सोडण्यात आला. शिवाय झाडोरा आटोक्यात राहिल्याने पुराच्या पाण्याला वाट मिळते. १९९५ च्या पुरात त्या देशातील सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली होती, हे ध्यानात घेता ही बाब किरकोळ नव्हे.

मात्र याच देशात ओस्टफार्डर्सप्लासेन या कुंपणबंद पाणथळ भूमीवर गुरे, घोडे व हरणे यांची संख्या वाढू दिली गेली. शिकारी प्राणी नाही, बाहेर जाण्यास वाट नाही. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तेथे ३,००० हून अधिक जनावरे मेली. उपासमारीच्या यातना टाळण्यासाठी त्यांतील बहुतेकांना गोळी घालावी लागली. कुंपणाच्या आत 'निसर्गावर सोडून दिले' या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

आपल्या देशात हाच धडा उलट्या मार्गाने मिळाला, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या चरत असत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ च्या नोव्हेंबरात चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे दगावली. त्यानंतर पाण्यात पास्पालम हे गवत इतके माजले की बदकांना व अन्य पाणपक्ष्यांना उघडे पाणी मिळेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुमारे दहा वर्षांच्या अभ्यासातून निष्पन्न झाले की म्हशींचे चरणे त्या पाणथळीला उपकारक होते.

बंदी घालताना म्हशीवाल्यांना कोणी जाणकार मानले नाही. गायरानाच्या तुकड्यासाठी झगडलेल्या आमच्या समाजाला हे नवीन नाही. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचे ज्ञानही कागदावर चढत नाही. गुरे सोडावीत की नाही हा प्रश्न म्हणूनच आमच्या लेखी दुसरा आहे. किती जनावरे, कोणत्या ऋतूत आणि कोणाला विचारून, हे आधी ठरले पाहिजे. भरतपुरात पुढे गावकऱ्यांना परवाने देऊन गवत कापून नेऊ दिले गेले. म्हशी फुकट करीत होत्या ते काम आता विळ्याने होऊ लागले.