जीपच्या डिफरन्शियलची बेअरिंगे घरी बदलणे

दौंड तालुक्यात भीमेकाठच्या शेतकऱ्याची जीप बेणे, खत व माणसे घेऊन ओढ्याच्या पाण्यातूनही जाते. हवेच्या नळीवाटे पाणी आत शिरले म्हणजे मागील ॲक्सलमधील तेल दुधाळ होते व बेअरिंगे झिजू लागतात. वेगाबरोबर वाढणारी घरघर ॲक्सिलरेटर सोडूनही तशीच राहिली, तर दोष बहुधा बेअरिंगांचा. दात्यांचा आवाज अशा वेळी पालटतो.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. डिफरन्शियल उघडल्यावर बेअरिंगांवरील दोन्ही टोप्यांस डावी-उजवी अशी खूण आधी करावी. त्यांची अदलाबदल चालत नाही. बेअरिंगांमागील पातळ पत्रे, ज्यांस कारागीर शिम म्हणतात, तेही बाजूवार निराळे ठेवावेत. ते मिसळले की क्राउन-पिनियनची जुळणी बिघडते, आणि बेअरिंगांच्या जोडीला ती महाग जोडीही विकत घ्यावी लागते. नव्या बेअरिंगाशी जुने बाहेरील कडे कधीही वापरू नये. बेअरिंग हातोड्याने ठोकण्यापेक्षा तेलात सुमारे 100 अंशांपर्यंत तापवून बसवावे.

दात्यांमधील मोकळीक पुस्तिकेप्रमाणे डायल गेजने पाहावी. ते जवळ नसल्यास एवढ्या कामापुरते कारागिरास बोलवावे; यात आम्हांस कमीपणा दिसत नाही. पिनियनची बेअरिंगे तर त्याच्याच हाती सोपवावीत.