महायुद्धात गोळ्या झेललेली डच पवनचक्की अमेरिकेत कशी पोहोचली?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ‘हॉलंड’ नावाचं शहर आहे. १८४७ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या लोकांनी ते वसवलं. पूर्वजांची आठवण म्हणून शहराला खरीखुरी डच पवनचक्की हवी होती. पण दुसऱ्या महायुद्धात कितीतरी चक्क्या गमावलेलं डच सरकार उरलेल्या देशाबाहेर पाठवायला तयार नव्हतं. अखेर युद्धात नुकसान झालेली ‘द झ्वान’, म्हणजे ‘राजहंस’, द्यायचं ठरलं. १९६४ मध्ये तिचे सुटे भाग जहाजाने अमेरिकेत आले, तेव्हा पात्यांवर गोळ्यांच्या खुणा होत्या. १९६५ मध्ये चक्की पुन्हा उभी राहिली. नेदरलँड्सबाहेर जाऊ दिलेली ही शेवटची पवनचक्की मानली जाते. ती नुसती शोभेची वस्तू नाही. आजही वाऱ्यावर तिथे गहू दळला जातो!