माती, खडू, पेन्सिल : ही चटक नव्हे, आजार

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना एकीच्या पदराची गाठ सुटली आणि पाटीवरच्या पेन्सिलीचे तुकडे खाली सांडले. "पोराच्या आहेत गं," ती म्हणाली. पण तिचं पोर अजून पाळण्यात. मग हळूच बोलली. दोन वर्षं ती स्वतःच खात होती, घरच्यांपासून लपवून.

आपल्यात हे नवं नाही. कुणी चुलीची माती खातं, कुणी भिंतीचे पोपडे, कुणी मूठमूठ कच्चे तांदूळ. गरोदर बाईने खाल्लं तर आपण डोहाळे म्हणून हसतो, पोरीने खाल्लं तर फटका देतो. दोन्ही चूक. रांगतं बाळ सगळंच तोंडात घालतं, ते वेगळं. पण मोठ्या माणसाला महिनाभर अशी ओढ राहिली, तर तो खाण्याचा आजार असतो. डॉक्टर त्याला 'पायका' म्हणतात.

पुष्कळदा याच्या मुळाशी रक्तातलं लोह कमी असतं. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय आढळला. पाळी, बाळंतपणं, जंत, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरेल तेवढं जेवणं! त्यात मातीतून जंत पोटात जातात, आणि माती अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाही.

म्हणून आधी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, म्हणजे रक्त कमी. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. मळमळलं तर जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. जंताची गोळी आशाताईंना विचारून घ्या. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारूनच.

पुष्कळजणींची ओढ काही आठवड्यांत ओसरते. ओसरली नाही, किंवा पोट दुखून शौचाला होईनासं झालं, तर लगेच डॉक्टरांकडे जा. मनावर ताण असेल तर १४४१६ या 'टेली मानस'च्या नंबरवर बोला. फोन मोफत, दिवसरात्र, मराठीतून.

आमच्या मैत्रिणीचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. तिने पहिलं विचारलं, "म्हणजे मला वेड नाही ना लागलं?" दोन वर्षं ती ही भीती एकटीच वाहत होती. पुढच्या बैठकीत हप्त्यांबरोबर हेही विचारा, पण हसू नका.