बागेतील हरिता : ती कोठे राहू द्यावी व कोठे नाही

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की कोराडी येथील जुन्या विहिरींचे बांधकाम, तलावाकाठचे दगड व घरांच्या उत्तरेकडील भिंती पाहता पाहता हिरव्या होतात. मे महिन्यात ज्या जागी केवळ काळपट, कोरडी खपली दिसत होती, तेथेच मखमलीसारखा थर पसरतो. लोक त्याला सरसकट शेवाळ म्हणतात. परंतु पाण्यावर तरंगणारे बुळबुळीत शेवाळ वेगळे व ही वनस्पती वेगळी. वनस्पतिशास्त्रात हिला 'हरिता' असे नाव असून रोपवाटिकेत ती 'मॉस' म्हणून ओळखली जाते.

हरितेला खरी मुळे नसतात. जमिनीस किंवा दगडास धरून राहण्यापुरते बारीक तंतू असतात; पाणी व क्षार ती पानांच्या पृष्ठभागातूनच शोषून घेते. तिला फूल येत नाही, बी धरत नाही. केसासारख्या देठावर एक लहानशी कुपी येते व तिच्यातील सूक्ष्म बीजाणू वाऱ्यावर पसरतात. पाणी संपले की ती मरत नाही, तर वाळून स्वस्थ राहते. भिंतींवर सर्रास आढळणाऱ्या हायोफिला या हरितेची पाने वाळताना आत गुंडाळली जातात. अशा वाळलेल्या थरावर चूळभर पाणी शिंपडल्यास ती डोळ्यांदेखत उलगडतात. ग्रामसेवकांनी शाळेतील मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा. त्यास खर्च काहीच येत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न संत्र्याच्या झाडाचा आहे. कोराडीहून सावनेर, कळमेश्वर, काटोल या बाजूस संत्र्याच्या बागा पसरलेल्या आहेत. दाट सावलीच्या, सतत ओल्या राहणाऱ्या बागेत बुंध्याच्या खालच्या भागावर हरिता चढते. बांडगुळाप्रमाणे ही देखील झाडाचा रस शोषते, असा पुष्कळांचा समज आहे व त्यापायी कोयत्याने किंवा खुरप्याने बुंधा खरवडून काढण्यात येतो. हा समज सर्वथा चुकीचा आहे. बांडगूळ आपली शोषके फांदीत घुसवते; हरिता सालीवर नुसती बसते व झाडाकडून काहीच घेत नाही. उलट निरोगी साल खरवडल्याने ज्या जखमा होतात, त्यांतून फायटोप्थोरा या बुरशीस वाट मिळते. या बुरशीमुळे होणारा डिंक्या रोग बागेचा खरा शत्रू होय. न करणाऱ्या वनस्पतीस शिक्षा करताना झाडासच इजा होते, असा हा उलटा व्यवहार आहे.

मात्र हरिता दिसली म्हणून निश्चिंतही राहू नये. बुंधा दिवसचे दिवस ओला राहतो, ही गोष्ट ती सांगत असते आणि हीच ओल डिंक्या रोगास पोषक असते. यास्तव उपाय हरितेवर न करता पाण्यावर करावा. पाणी बुंध्यास लागणार नाही अशी दुहेरी आळे पद्धत ठेवावी, पावसाचे पाणी चर काढून बाहेर काढावे, आतील वाळलेल्या व दाटी करणाऱ्या फांद्या छाटाव्यात. डोळा भरलेला सांधा मातीने झाकला गेला असल्यास माती दूर करावी. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्यास बोर्डो मलम लावण्याची शिफारस आहेच. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. त्यातील तांब्यामुळे हरिताही आपोआप नाहीशी होते. विहिरीच्या पायऱ्या निसरड्या झाल्यास मात्र कडक ब्रशने घासणेच बरे. मोरचूद विहिरीत किंवा तलावात जाऊ देऊ नये, ते माशांस घातक आहे.

कोराडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. येथील औष्णिक वीज केंद्र १९७४ पासून चालू असून परिसरात कोळशाच्या राखेचा प्रश्न आहे. हरिता हवेतील धूळ व धातू अंगभर शोषून धरते. याच गुणामुळे स्वीडनमध्ये १९६० नंतरच्या दशकात हवेतील जड धातू मोजण्यासाठी हरितेचा उपयोग सुरू झाला व पुढे युरोपातील अनेक देशांनी तो स्वीकारला. अशी मोजणी प्रयोगशाळेतच होते. नुसत्या डोळ्यांनी पाहून हवेविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. परंतु रस्त्याकडेची किंवा राखेच्या बांधाजवळची हरिता कुंडीत वा रोपवाटिकेत वापरू नये, एवढे खचित.

रोपवाटिकेत हरितेचे काम मोठे आहे. संत्र्याचे कलम डोळा भरून करतात. पण डाळिंब, पेरू, लिंबू यांच्या गुटी कलमास ओल धरणारे काहीतरी लागते. पूर्वी माती व शेण गोणपाटात बांधून वर ठिबकणारे मडके टांगीत. पुढे स्फॅग्नम ही हरिता वापरात आली. ती आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी धरू शकते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये तिच्या पट्ट्या जखमांवर बांधीत असत. आपल्या देशात ती मुख्यतः हिमालयाच्या ओल्या उतारांवर वाढते. बाजारात 'मॉस' म्हणून मिळणारा सर्व माल स्फॅग्नम नसतो. जंगलातील झाडांच्या खोडांवरून ओरबाडलेल्या इतर हरिताही त्यात असतात. असा थर पुन्हा येण्यास वर्षे लागतात.

काही जाती तर फारच थोड्या जागी उरल्या आहेत. हिमालय व तिबेटच्या उंच कड्यांवर वाढणारी ताकाकिया सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या वंशातील मानली जाते. तापमान वाढत असल्याने तिचे तिबेटमधील क्षेत्र घटत असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. सातपुड्यात चिखलदरा व पचमढी येथील सावलीच्या घळींतही मैदानात न दिसणाऱ्या हरिता आहेत. सहलीस गेलेल्यांनी कुंडी सजविण्यासाठी त्या उपटून आणू नयेत. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या टिकतही नाहीत.

गुटीसाठी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, चांगले काम देतो. पावसाळ्याच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडून तिची दोन ते तीन सेंटीमीटर रुंदीची साल वर्तुळाकार काढावी. भुसा भिजवून मुठीत दाबून घ्यावा. पाणी निथळत राहिल्यास मुळे कुजतात. तो जखमेवर बसवून वरून प्लॅस्टिक घट्ट बांधावे. साधारण सहा ते आठ आठवड्यांत प्लॅस्टिकमधून मुळे दिसू लागतात. ती तपकिरी झाल्यावर फांदी कापून सावलीत पिशवीत लावावी.