सत्तावीस हजार गेले कुठे?

आज मोठ्या आकड्यांविषयी बोलू या. घाबरू नका, ९ चा पाढा येत असला की पुरे.

आमच्या गटाच्या एका मासिक बैठकीत वहीतली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक जुळेना. वहीत २७,००० रुपये जास्त. मग पैसे गेले कुठे? सगळ्यांच्या नजरा कोषाध्यक्ष ताईंकडे वळल्या. बोललं कुणीच नाही, पण ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

आम्ही म्हटलं, आधी त्या फरकाकडे बघू. २७,००० चे अंक मिळवले: २ आणि ७, झाले ९. संख्या लाखाची असो की कोटीची, तिच्या अंकांची बेरीज ९ च्या पाढ्यात आली, तर तिला ९ ने पूर्ण भाग जातो. आणि हिशेबातल्या फरकाला ९ ने भाग गेला, तर पहिली शंका अशी घ्यायची, की लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली असेल.

असं का? ३६ च्या जागी ६३ लिहिलं असं धरा. ३ दशकाच्या घरातून एककात आला, ३० चे ३ झाले, म्हणजे २७ कमी झाले. ६ एककातून दशकात गेला, ६ चे ६० झाले, म्हणजे ५४ वाढले. २७ आणि ५४ दोन्ही ९ च्या पाढ्यातले. मग त्यांच्यातला फरकही ९ च्या पाढ्यातलाच.

आता चूक शोधायची कुठे? २७ ला ९ ने भागलं, आले ३. म्हणजे अदलाबदल झालेल्या दोन अंकांत ३ चा फरक असणार. २७ च्या पुढे तीन शून्यं, म्हणजे गडबड हजार आणि दहा हजारांच्या घरात. तेवढंच बघत आम्ही वही मागे चाळली. एका पानाअखेर शिल्लक होती १,३६,८४५. पुढच्या पानावर ती उतरली १,६३,८४५. पैसा कुठेच गेला नव्हता. आणि ते पान ताईंनी नाही, आम्हीच लिहिलं होतं. भर बैठकीत ताईंची माफी मागितली.

एक लक्षात ठेवा. १८० रुपयांचा खर्च लिहायचा राहिला, तरी फरकाला ९ ने भाग जातो. म्हणून पावत्या बघायच्याच. भाग गेला नाही, तर राहून गेलेली नोंद शोधा. फरकाची निम्मी रक्कमही शोधा. ५०० रुपये जमेऐवजी खर्चात लिहिले, तर फरक १,००० चा दिसतो.

३६ मधले दोन अंक एकमेकांकडे पाठ करून बसतात. आमच्या गटातही त्या दिवशी तसंच होणार होतं. तेव्हा हिशेब जुळला नाही, तर आधी फरकाला ९ ने भागून बघा. माणसावर संशय नंतर.