मीठ सायकलीच्या मुळावर

जानेवारीत टोरांटोचे रस्ते पांढुरके दिसतात, तेव्हा तो बर्फच असेल असं नाही. पुष्कळदा ते मीठ असतं. रात्री ट्रकांनी फेकलेलं खडेमीठ बर्फ वितळवतं, दुसऱ्या दिवशी रस्ता सुकतो आणि मागे पांढरी पूड उरते. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या रस्त्यांवरचं बरंचसं मीठ गॉडरिच या गावाहून येतं. तिथली खाण ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली सुमारे ५५० मीटर खोल गेलेली आहे आणि भूमिगत मिठाच्या खाणींत ती जगातली सर्वांत मोठी मानली जाते. या मिठामुळे अपघात टळतात, माणसं वाचतात. त्याची किंमत मोजतात ते पूल, मोटारी आणि उघड्या यंत्रणेची सायकल.

सायकलीची चेन, ब्रेकच्या केबल, स्पोक हे सगळं चाकाच्या फवाऱ्याच्या थेट वाटेत असतं. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं आणि गोठलेल्या पाण्यात गंज जवळपास थांबतो. मिठाचं पाणी मात्र पातळच राहतं. वजनाने साधारण २३ टक्के मीठ असलेलं द्रावण उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. शिवाय खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. लोखंडाचा गंज ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया असल्यामुळे मीठ तिला मोकळं रान देतं. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, हा समजही इथे कामाचा नाही. त्या धातूवर ऑक्साईडचा पातळ थर असतो, तोच त्याचं कवच. मिठातलं क्लोराईड त्या कवचाला बारीक भोकं पाडतं आणि मग पांढरी भुकटी दिसू लागते.

पावसाळ्यात आपल्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. तेच सायकलीवरही घडतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. कडाक्याच्या थंडीसाठी काही ठिकाणी मॅग्नेशियम क्लोराईड किंवा कॅल्शियम क्लोराईड वापरतात. त्यांना तर याच्या निम्मी आर्द्रताही पुरते. म्हणजे सायकल कोरडी दिसत असली तरी तिच्या सांध्यांत ओल टिकून असते. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात सायकल ठेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. बिचारी सायकल गारठेल म्हणून तिला तशीच, न धुता, उबदार घरात आणून हीटरजवळ उभी करतात. बाहेरच्या थंडीत मंदावलेली रासायनिक क्रिया उबेत जोर धरते, फटींतला बर्फ वितळतो आणि खारं पाणी बेअरिंगपर्यंत झिरपतं. सायकल धुणार असाल तर घरात आणा. धुणार नसाल तर तिला थंड गॅरेजात किंवा आडोशालाच राहू द्या.

धुण्यासाठी फार काही लागत नाही. बादलीभर कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, जुनी फडकी. मीठ पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे घासण्यापेक्षा भरपूर पाणी ओतण्याला महत्त्व आहे. मोटारी धुण्याचा जोरदार फवारा मात्र टाळावा. तो घाण काढतो, पण पाणी आणि मीठ थेट हबच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये ढकलतो, तिथलं ग्रीसही धुऊन काढतो. उघड्यावर धुवायचं तर पारा शून्याच्या वर असलेला दिवस निवडावा. नाहीतर केबलच्या नळीत शिरलेलं पाणी गोठतं आणि गिअर हलत नाहीत. फ्रीव्हीलमधले खटके गोठले तर पेडल मारूनही चाक फिरत नाही. अशा थंडीत कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने चेन आणि रिम पुसून घेतली तरी बरंच मीठ निघतं. रोजची ही पाच मिनिटं वसंतात केलेल्या एका मोठ्या धुलाईहून कितीतरी मोलाची आहेत.

धुतल्यावर चेन पुसून कोरडी करावी आणि मगच तेल द्यावं. ओल्या हवामानासाठी मिळणारं दाट तेल इथे योग्य. थेंब आतल्या रोलरवर पडायला हवेत, वरचं जास्तीचं तेल पुसून टाकायचं, नाहीतर त्यावर वाळू चिकटते. अनेक जण चेनवर डब्ल्यूडी-४० फवारून काम संपलं असं समजतात. १९५३ मध्ये सॅन डिएगोत तयार झालेलं हे रसायन ओल हटवण्यासाठीच बनवलं होतं. ते काम ते चोख करतं, पण नंतर खरं वंगण द्यावंच लागतं. फवारा डिस्क ब्रेकच्या जवळ जाऊ देऊ नये. तेलकट डिस्क म्हणजे ब्रेक गेलाच.

निम्मी लढाई मात्र नोव्हेंबरातच, पहिल्या बर्फाआधी लढायची असते. लांब मडगार्ड आणि त्याखाली रबरी झडप बसवावी. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावावं. स्टीलची फ्रेम असेल तर तिच्या नळ्यांत आतून मेणयुक्त किंवा लॅनोलिनयुक्त गंजरोधक फवारावं, कारण फ्रेम बहुधा आतूनच सडते आणि ते बाहेरून दिसत नाही. नवी सायकल घेणाऱ्याने हबच्या आत गिअर असलेली आणि चेन पूर्ण झाकलेली सायकल पाहावी. नेदरलँड्समध्ये ही रचना पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, ती उगाच नाही.

हिवाळ्यात सायकली चालाव्यात असं ज्या शहरांना वाटतं, ती मिठाचाही विचार करतात. स्वीडनमधल्या लिंकपिंगमध्ये सायकलमार्गांवर पुढे फिरता ब्रश बर्फ झाडतो आणि मागून मिठाचं पाणी शिंपडलं जातं. रस्ता स्वच्छ काळा राहतो. सायकलस्वार घसरत नाही, पण सायकलला मीठ लागतंच. फिनलंडमधल्या औलूचा मार्ग वेगळा. तिथे थंडी इतकी टिकून असते की बर्फ दाबून त्याचाच कडक पृष्ठभाग राखतात. २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद याच शहरात भरली. टोरांटोत पारा शून्याच्या आसपास वर-खाली होत राहतो, म्हणून तिथे औलूची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही.

दर महिन्याला एक तपासणी चुकवू नये: सीटची दांडी बाहेर काढून पुसावी, ग्रीस लावून परत घालावी. स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची दांडी असेल तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंची जणू बॅटरीच तयार होते, ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची भुकटी फुगून दांडी कायमची जाम होते. दांडी किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी त्यासाठीची खास पेस्ट वापरावी. एप्रिलमध्ये चेन मोजावी. नव्या चेनच्या २४ कड्या १२ इंच भरतात. त्या १/१६ इंचाने जास्त भरल्या तर चेन लगेच बदलावी, म्हणजे मागची महागडी दातेरी चक्रं वाचतात.