डीएनए ‘वाचला’ म्हणजे नेमकं काय केलं?

कोविडच्या काळात ‘जिनोम सिक्वेन्सिंग’ हा शब्द पार चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. नमुने पुण्याला एनआयव्हीकडे गेले, अहवाल यायचाय, असं लोक सराईतपणे बोलू लागले. त्याबरोबर एक चित्रही डोक्यात बसलं: यंत्रात नमुना घातला, की दुसरीकडून डीएनएची सगळी अक्षरं ओळीने छापून बाहेर येतात.

असं होत नाही. माणसाचं पहिल्या क्रमांकाचं गुणसूत्र सुमारे 25 कोटी अक्षरांचं आहे आणि प्रयोगशाळांत सर्रास दिसणारं इल्युमिनाचं यंत्र एका दमात वाचतं जेमतेम दीडशे. म्हणून आधी डीएनएचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला जोडीचा धागा विणला जाताना अक्षरागणिक प्रकाशाची खूण मिळते. यंत्र तिचे फोटो काढतं आणि त्यावरून ए, सी, जी की टी हे ठरवतं.

एकाच पोथीच्या तीस प्रती फाडल्या आणि सगळे कपटे एका पोत्यात भरले, तर जे हाती येईल तसा हा कच्चा माल. प्रत्येक प्रत वेगळ्या जागी फाटलेली, म्हणून एका कपट्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळवता येतो. हे जुळवणं संगणकाचं काम. बायोइन्फर्मॅटिक्सचा मोठा भाग म्हणजे हीच जुळवाजुळव.

पण कपट्यावर फक्त आरतीचं पालुपद असेल तर? ते कितव्या कडव्यानंतरचं, कसं कळणार? जिनोममध्ये अशी पालुपदं ढिगाने आहेत. ‘2003 साली मानवी जिनोम पूर्ण वाचून झाला’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट खरं. तेव्हा सुमारे 8 टक्के भाग सुटला होता, मुख्यतः पालुपदांचाच. तो लागला 2022 मध्ये. त्यासाठी हजारो अक्षरं सलग वाचणारी यंत्रं यावी लागली. त्यांतलं नॅनोपोर तर फोटोही काढत नाही: अतिसूक्ष्म छिद्रातून डीएनएचा धागा ओढला जातो आणि विजेचा प्रवाह कसा बदलतो त्यावरून अक्षर ओळखलं जातं. कपटा लांब असला की पालुपदाच्या दोन्ही बाजूंची कडवीही त्यातच सापडतात.

या पालुपदांमुळेच कांद्याचा जिनोम सुमारे 1600 कोटी अक्षरांवर गेला आहे, माणसाच्या पाचपट. अक्षरं जास्त तो जीव प्रगत, हा हिशेब लासलगावच्या बाजारात तरी कुणी मांडू नये.

हाती आलेलं अक्षर पक्कं असतं, हाही भ्रमच. यंत्राच्या फास्टक्यू फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याच्या चार ओळी असतात: नाव, अक्षरं, अधिकचं चिन्ह आणि शेवटी प्रत्येक अक्षराबद्दलची खात्री, तीही एकेका चिन्हात. गंमत अशी, की आज रूढ असलेल्या पद्धतीत ‘?’ हे चिन्ह शंकेचं नाही. त्याचा अर्थ, चूक असण्याची शक्यता हजारात एक. उलट ‘!’ दिसलं, की त्या अक्षरावर काडीचाही भरवसा नाही! एकच जागा तीस-तीसदा वाचतात, ती याचसाठी.

रुग्णाचा जिनोम तपासताना मात्र पोथी दरवेळी कोऱ्या पाटीवरून लावत नाहीत. आधी लावलेली एक प्रमाण प्रत समोर ठेवून तिच्यावर कपटे बसवतात. ही प्रत ‘निरोगी, आदर्श माणसाची’ असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती अनेकांच्या डीएनएचं ठिगळकाम आहे. त्यातही सुमारे 70 टक्के भाग अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका निनावी दात्याचा. तिच्याशी ताडून पाहिलं, तर तुमच्या-माझ्यात 40 ते 50 लाख ठिकाणी फरक निघेल. म्हणजे अहवालातलं ‘म्युटेशन’ वाचून लगेच हातपाय गाळायचं कारण नाही. बहुतेक फरक निरुपद्रवी असतात आणि काहींबद्दल तज्ज्ञही ‘अर्थ अनिश्चित’ असाच शेरा देतात.

असा फरक आजाराचा की नुसताच इथल्या मातीतला, हे ठरवताना तो आपल्याकडे किती जणांत आढळतो हे आधी पाहावं लागतं. युरोपीय वंशाच्या लोकांचीच भरती असलेल्या संग्रहात तो दुर्मिळ दिसेलही, पण इथे गावोगाव सापडेल. जिनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या 10,000 जणांचे जिनोम वाचले गेले, त्यामागचं एक कारण हेच. ती माहिती आता फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवलेली आहे.